नायकाची नायिका करायची, तर आधी प्रसंगवही काढा

‘सैराट’मधली आर्ची बुलेट उडवते, ट्रॅक्टर हाकते आणि गावात तिला कुणी हटकत नाही. पोरगी धीट आहे, हे त्याचं अर्धं कारण. उरलेलं अर्धं तिच्या घरात आहे. पाटलाच्या लेकीला अडवायची छाती कुणाची? हीच आर्ची हैदराबादच्या झोपडपट्टीत येते तेव्हा तिचा जीव घुसमटतो, घर आठवून रडू येतं. स्वभाव तोच आहे, पण त्याला टेकू देणारी पाटीलकी मागं राहिलेली असते.

२०१६ च्या या सिनेमाचे कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आणि हिंदी असे रिमेक झाले. २०१८ चा हिंदी ‘धडक’ उदयपूरला गेला. मुलगी तिथल्या राजकारणी घराण्यातली आणि मुलाच्या घरचं तळ्याकाठी हॉटेल. मूळ सिनेमातला परश्या मासेमारी करणाऱ्या घरातला. ‘धडक’मध्ये दोन्ही घरं खाऊनपिऊन सुखी दिसतात. दरी दिसेनाशी झाली की मुलीच्या धिटाईचा नुसता अल्लडपणा होतो, कारण तिला गमावण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. शेवटही बदलला. ‘सैराट’मध्ये दोघं मरतात आणि पोर उरतं, ‘धडक’मध्ये मुलगा आणि बाळ जातात आणि मुलगी उरते. म्हणजे शिक्षा कुणाला, हेच बदललं. सोलापूर जिल्ह्यात हा फरक समजावून सांगावा लागत नाही. नागराज मंजुळे जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची, आणि सिनेमातली ती माती करमाळ्याकडची. इथं बघणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतं की काय काढून घेतलंय.

रिमेकमध्ये मुख्य पात्राचं लिंग, वंश, जात किंवा धर्म बदलायचं ठरलं की पहिल्या बैठकीत चर्चा नटाची आणि नावाची होते. ती शेवटची कामं. आधी मूळ सिनेमा थांबवत थांबवत बघायचा आणि एका वहीत एकेक प्रसंग उतरवायचा. दोन-सव्वादोन तासांच्या सिनेमात साधारण ६० ते १०० प्रसंग निघतात. प्रत्येकासमोर पाच रकाने: जागा आणि वेळ, पात्राला काय हवंय, आड कोण येतं, का येतं, आणि पात्र कशाच्या जोरावर सुटतं. फसगत बहुतेक वेळा पहिल्याच रकान्यात होते. रात्री दोन वाजता एसटी स्टँडच्या बाकावर एकटा बसलेला पुरुष म्हणजे गाडी चुकलेला प्रवासी. त्याच बाकावर एकटी बाई बसवली की चहावाल्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांचं वागणं बदलतं. ते बदललेलं दाखवलं नाही तर प्रेक्षक त्या क्षणी सिनेमातून उठतो, खुर्चीत बसून असला तरी.

वही भरली की खुणा करायच्या. पात्र पुरुष आहे, काळं आहे, दलित आहे, ख्रिस्ती आहे म्हणूनच जो प्रसंग घडतो, त्याला लाल. बदलानंतर जो घडूच शकत नाही, त्याला निळी. बाकी सगळे कोरे. लाल आणि निळ्या मिळून दहाच्या आत असतील तर काम सोपं आहे. निम्म्याहून जास्त निघाल्या तर तुम्ही नवी गोष्ट लिहिताय असं समजा आणि पटकथेला वेळही त्याच हिशेबानं मागून घ्या. तीन आठवड्यांत ‘भाषांतर करून द्या’ म्हणणारा निर्माता इथंच अडकतो.

जवळपास सगळे प्रसंग कोरे असलेलं उदाहरण म्हणजे १९७९ चा ‘एलियन’. त्याच्या पटकथेतच नोंद होती की अंतराळातल्या जहाजावरची सगळी माणसं पुरुष किंवा बाई, कुणीही चालतील. म्हणून नुसती आडनावं. रिप्लीची भूमिका सिगर्नी वीव्हरकडे गेली आणि काही बिघडलं नाही, कारण जहाजावरच्या प्राण्याला समोर कोण आहे याच्याशी देणंघेणं नाही. २०२३ च्या ‘द लिटल मर्मेड’मध्ये जलपरी हॅली बेली झाली, त्यावर केवढा गदारोळ झाला. वही काढून बघा: वर्णामुळे घडणारा एकही प्रसंग मूळ गोष्टीत नाही. तिथं नटीचा वर्ण बदलला, पात्राचं काम बदललं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळी भांडणं त्यांची गल्लत करून चालतात. आपल्याकडे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके एकटेच राम आणि सीता दोन्ही झाले होते. सीता त्यानं पुरुष झाली नाही.

बदलानं गोष्टीत भर पडते याचं जुनं उदाहरण १९४० च्या ‘हिज गर्ल फ्रायडे’चं. मूळ नाटक १९२८ चं ‘द फ्रंट पेज’, त्यावर १९३१ मध्ये सिनेमा झालेला. संपादक वॉल्टर आणि बातमीदार हिल्डी, दोघं पुरुष. हिल्डीला लग्न करून पत्रकारितेला रामराम ठोकायचाय आणि संपादक त्याला सोडत नाही. हॉवर्ड हॉक्सनं हिल्डीची बाई केली, तीही वॉल्टरची घटस्फोटित बायको. नाव तेच चाललं. संपादक अडवतो तेही तसंच राहिलं, पण आता तो चांगला बातमीदार जाऊ नये म्हणून अडवतोय की बायको दुसऱ्याची होऊ नये म्हणून, हे त्यालाही सांगता येत नाही. एका नात्यानं प्रत्येक वाक्याला दुसरा अर्थ मिळाला. असा एक बदल सापडला की बाकीची डागडुजी कमी लागते.

आपल्याकडचा सगळ्यात शिकण्यासारखा नमुना ‘राम और श्याम’ आणि ‘सीता और गीता’. १९६४ चा तेलुगू ‘रामुडु भीमुडु’, त्यावरून १९६७ चा ‘राम और श्याम’, आणि त्याच जुळ्यांच्या साच्यावर १९७२ मध्ये हेमा मालिनी. भित्रा, शांत जुळा वारस घरात मार खातो, पळतो, आणि त्याच्या जागी आडदांड जुळा येऊन हिशेब चुकता करतो. हा सांगाडा दोन्हीकडे एकच. पण बघा काय काय हललं. रामला चाबकानं मारतो तो बहिणीचा नवरा. सीतेला छळते ती काकू. घरात आश्रित म्हणून राहिलेल्या मुलीचा जाच आपल्या प्रेक्षकाला काकूच्या तोंडून जास्त खरा वाटतो. रामच्या बाबतीत इस्टेट मिळवायचा मार्ग म्हणजे त्याला संपवणं. सीतेच्या बाबतीत मध्ये लग्न येतं, कारण तिचं लग्न झालं की पैसा घराबाहेर जाणार. म्हणून स्थळ बघायला येतं त्या प्रसंगाला इथं वेगळं वजन येतं. काकूच्या भावाची वाकडी नजर ही आणखी एक नवी धास्ती. आणि गीता जेव्हा पट्टा उलटा फिरवते तेव्हा तो मार नुसत्या गुंडाला बसत नाही, त्या नजरेलाही बसतो. ती पोलीस ठाण्यात छताच्या पंख्यावर चढून बसते हे तर निव्वळ धमाल. डोंबाऱ्याचे खेळ करणारी पोर आहे, तिला तोल सांभाळता येतो. म्हणजे तिचा धंदासुद्धा गंमत म्हणून निवडलेला नाही, तो पुढं वापरलाय. याच सूत्रावर तेलुगूत ‘गंगा मंगा’ आणि तमिळमध्ये ‘वाणी राणी’ झाले. मूळ सिनेमाच्या भाषेत बदललेली आवृत्ती परत गेली, असं क्वचितच होतं.

‘बदला’चं मला कौतुक आहे, पण ते सोपं काम होतं. २०१६ च्या स्पॅनिश रहस्यपटात आरोपी पुरुष आणि समोर वयस्क वकील बाई. २०१९ मध्ये आरोपी तापसी पन्नू आणि वकील अमिताभ बच्चन. बंद खोलीत दोघं एकमेकांना खोटं पाडतायत, तिथं कोण बाई आणि कोण बुवा यानं डाव बदलत नाही. फक्त एका जागी धार वाढली: विवाहबाह्य संबंध उघडे पडले तर पुरुषाची बदनामी होते, लहान मुलीच्या आईचं मात्र लेकरू हातचं जाऊ शकतं. उलट ‘कहानी’चा तेलुगू रिमेक ‘अनामिका’ बघा. नायिका बाईच ठेवली, फक्त तिचं गरोदरपण काढलं. वहीत लाल खुणा सगळ्या त्या पोटावर होत्या! अनोळखी शहरात लोक तिला मदत का करतात, पोलीस तिच्यासमोर मऊ का होतात, कुणी संशय का घेत नाही, या सगळ्यांचं उत्तर तेच होतं. लिंग न बदलताही पात्र बदलता येतं ते असं.

वंश आपल्याकडे आणायचा तर त्याची जागा बहुतेक वेळा जात घेते. रिमेक नव्हे, रूपांतर, पण युक्ती बघण्यासारखी म्हणून ‘ओमकारा’. शेक्सपिअरचा ऑथेल्लो मूर होता, म्हणजे गोऱ्यांच्या शहरात काळा. ओमकारा ‘आधा बामन’ झाला, आई खालच्या जातीची. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या निवडणुकीच्या राजकारणात ही गोष्ट रंगापेक्षा जास्त चावते. ज्यावरून नवरा बायकोवर संशय घेतो त्या रुमालाचा कमरबंद झाला. रुमाल हरवला तर आपण दुसरा घेतो. नवऱ्यानं घातलेला घराण्याचा दागिना हरवला तर बाईला जाब द्यावा लागतो. मल्याळममध्ये १९९७ च्या ‘कळियाट्टम’नं याच नायकाला तेय्यम करणारा केला: अंगात देव असेपर्यंत सगळे पाया पडतात, रंग उतरला की तो पुन्हा खालच्या जातीचा. ‘मकबूल’मध्ये ‘मॅकबेथ’च्या भविष्य सांगणाऱ्या तीन चेटकिणींचे दोन पोलीस झाले आणि ते कुंडली मांडतात. कुणाचा एन्काउंटर होणार हे ज्यांच्या हातात आहे त्यांचं भविष्य खरं ठरणारच.

भार नीट न हलवल्याचं उदाहरण म्हणजे २०१० चा ‘द कराटे किड’. १९८४ च्या सिनेमातले गुरू मियागी अमेरिकेकडून युद्धात लढत होते आणि त्याच वेळी अमेरिकेनंच जपानी वंशाच्या लोकांसाठी काढलेल्या छावणीत त्यांची बायको आणि मूल बाळंतपणात गेलं. म्हातारा दारू पिऊन एका रात्री ते बोलतो आणि त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लागतो. नव्या सिनेमात मुलगा अमेरिकन कृष्णवर्णीय, गाव बीजिंग, गुरू हान. हानची बायको आणि मुलगा मोटार अपघातात गेले. दुःख तेवढंच, पण त्यामागचा इतिहास गेला. शिवाय शिकवतात कुंग फू आणि नाव कराटे. ते एक असो.

‘लाल सिंग चड्ढा’ची पटकथा अतुल कुलकर्णींची, म्हणजे सोलापुरात शिकलेल्या माणसाची. ‘फॉरेस्ट गंप’चा नायक शीख करणं हा त्यातला सगळ्यात विचारपूर्वक बदल: १९८४ च्या दंगलीत आई रस्त्यावर काचेच्या तुकड्यानं पोराचे केस कापते, आणि केस पुन्हा वाढवणं ही पुढं त्याची स्वतःची गोष्ट होते. नवा समाज निवडला तर असा एक तरी प्रसंग हवा, जो मूळ सिनेमात असूच शकत नव्हता. पण दुसरीकडे मूळ सिनेमातला नायकाचा सैन्यातला मित्र बब्बा कृष्णवर्णीय होता, त्याच्या घरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्यांना कोळंबी रांधून वाढत आल्या होत्या. इथं तो तेलुगू बालराजू झाला आणि कोळंबीची चड्डी-बनियन झाली. विनोद राहिला, वाढणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या. नायक युद्धात ज्याला वाचवतो त्या लेफ्टनंट डॅनच्या जागी शत्रूचा घायाळ सैनिक आणला तिथं प्रेक्षक मनात प्रश्न विचारू लागतो: त्याला कुणीच कसं ओळखत नाही? बदल धाडसी असला की त्याच्यामागचं साधं कामकाज, कागदपत्रं, चौकशी, आधी सोडवावी लागते.

‘दृश्यम’मध्ये मल्याळम जॉर्जकुट्टीचा गोव्यातला विजय साळगावकर सहज झाला. आपण त्या दिवशी गावात नव्हतो हे नायकाला दाखवायचंय, म्हणून गोष्टीला हवा होता घरापासून लांबचा, गर्दीचा धार्मिक कार्यक्रम. ख्रिस्ती प्रार्थनाशिबिराच्या जागी सत्संग बसला. पण त्याच सिनेमातल्या बड्या पोलीस अधिकारी बाईला पुरुष करून बघा. ती अधिकारी म्हणून निष्ठुर आणि मुलगा गमावलेली आई म्हणून उद्ध्वस्त आहे, शेवटचं बोलणं त्यावरच उभं आहे. २०१९ च्या चिनी रिमेकनं देश बदलला, नायक थायलंडमधला स्थलांतरित केला, तरी तिला हात लावला नाही.

आता मराठीची अडचण. इंग्रजी, तेलुगू, कन्नड या भाषांत ‘मी आलो’ म्हणताना बोलणारा बाप्या की बाई कळत नाही. मराठीत पहिल्याच क्रियापदात कळतं. त्यामुळे शोधा-बदला करून संवाद फिरवले तर ‘गेला होतास’ची ‘गेली होतीस’ होते, पण चौथ्या पानावर एक ‘एकटाच’ राहून जातो. फोनवरच्या अनोळखी आवाजाचं लिंग लपवायचं असेल तर मराठीत दोन पळवाटा आहेत. सकर्मक भूतकाळ: ‘मी बघितलं’, ‘मी सांगितलं’. आणि भविष्यकाळ: ‘मी येईन’. हिंदीत ‘आऊँगा’, ‘आऊँगी’ इथं चोरी पकडली जाते, मराठीत नाही. सोलापुरात आणखी एक काटा आहे: ‘काय बे’. ते बहुतेक पोरापोरांतलं संबोधन. नायकाच्या तोंडी ते हवेसारखं असतं, कानाला जाणवतही नाही. तेच नायिकेच्या तोंडी ठेवलं की प्रत्येक वेळी ती कुणाला तरी डिवचते. ठेवायचं तर एकदाच, आणि कुणाला म्हणते ते ठरवून.

करारात घोळ नको. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखीच लागतं. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतात. कलम ५७ खाली मूळ लेखकाला आपल्या कृतीच्या विद्रुपीकरणाविरुद्ध दाद मागता येते. म्हणून ‘योग्य ते बदल’ असं मोघम न लिहिता पात्राचं लिंग, जात, धर्म, शेवट, यांतलं काय बदलणार ते शब्दांत लिहून घ्यावं.

हे सगळं एका काल्पनिक गोष्टीवर लावून बघू. मूळ नायक मराठी, सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करणारा. रात्रपाळी सुटल्यावर तो एका टेम्पोतून प्रेत टाकताना बघतो. कारखानदार त्याला आधी पैसे देतो, मग हात मोडतो, मग मारामारी. रिमेकमध्ये करायची आहे पूर्व भागातली तेलुगू घरातली बाई.

पहिला प्रसंगच निळा, गोष्ट २०२५ च्या आधीची धरली तर. तेव्हाचा कारखाने कायदा १९४८, कलम ६६: बाईला संध्याकाळी ७ ते सकाळी ६ काम देता येत नव्हतं, सरकारनं अटी घालून सूट दिली तरच. ती मध्यरात्री रस्त्यावर का, हे सांगत बसण्यापेक्षा तिचं काम बदला. विडी कामगार करा. सकाळी विडी कारखान्यात माल द्यायला निघालेली, अजून पुरतं उजाडलेलं नाही, तेव्हा तिला टेम्पो दिसतो.

आता तिचं काम नीट बघून घ्या, कारण धमकी तिथूनच येणार. घरी मांडीवर सूप. भिजवलेली तेंदूची पानं पत्र्याच्या साच्यावर ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधून तोंड दुमडायचं. मजुरी हजार विड्यांवर. कारखान्यात तपासणारा हात घालतो आणि खराब म्हणून विड्या बाजूला काढतो, ती छाट. खलनायकाला हिचा हात मोडायची गरज नाही. तपासणाऱ्याला एक शब्द सांगितला की पुरे: रोज थोडी छाट जास्त, मिळणारी पानं वाळकी आणि फाटकी. आठवड्यात मजुरी उतरते, बचत गटाचा हप्ता चुकतो, सासू विचारते, ‘काय गं, हात थकले का?’ एकही ठोसा न मारता बाई कोंडीत. तिचा जोरही तिथलाच, सकाळच्या रांगेतल्या शेकडो बायका. त्यातल्या एकीला अक्का म्हणून सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत वस्तीभर होते. मूळ नायकाची हाणामारी इथं त्या रांगेत बदलते.

शेवटचा प्रसंग नव्या पात्रामुळेच मिळतो. पोलीस ठाण्यात तिचा जबाब. ती घाबरली की तेलुगूत बोलते: ‘अदि वच्चिंदि.’ तेलुगूत टेम्पोला आणि बाईला एकच ‘अदि’, एकच ‘वच्चिंदि’. शेजारी उभा असलेला घाईघाईनं मराठी सांगतो, ‘ती आली म्हणतेय.’ मराठीत टेम्पो ‘तो’. हवालदार लिहितो: एक बाई आली. पुढचे तीन दिवस पोलीस नसलेली बाई शोधतात आणि टेम्पो आरामात जिल्ह्याबाहेर जातो. प्रेक्षकाला हा घोळ त्या वेळी कळायला हवा, म्हणून तो विसाव्या मिनिटाच्या आत एकदा हसण्यावारी पेरून ठेवायचा: तिचा पोरगा शाळेतून येतो, ती मराठीत विचारते, ‘बस आला का?’ आणि पोरगा म्हणतो, ‘आला नाही गं, आली.’